समणांचा प्रश्न आणि मुअतझिलांची 'अक्कल'

दीघनिकायातील तेविज्ज सुत्त आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहे. कोसल देशातील मनसाकट या गावी, अचिरवती नदीच्या परिसरात, वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्माकडे नेणारा खरा मार्ग कोणता यावर वाद करीत तथागतांकडे येतात. तथागत प्रारंभी त्यांस कोणताही सिद्धान्त सांगत नाहीत. ते एक साधा प्रश्न विचारतात. तीन वेद जाणणाऱ्या ब्राह्मणांपैकी, त्यांच्या आचार्यांपैकी, त्या आचार्यांच्या आचार्यांपैकी, मागे सात पिढ्यांपर्यंत, कोणी एकाने तरी ब्रह्मास समोरासमोर पाहिले आहे काय? उत्तर नकारार्थी येते. मग ज्यास कोणीही पाहिले नाही त्याच्याकडे जाण्याचा मार्ग हे लोक कोणत्या आधारावर दाखवितात, हा पुढचा प्रश्न आपोआपच उभा राहतो.

या प्रसंगानंतर सुमारे बाराशे वर्षांनी जवळजवळ हाच प्रश्न एका मुस्लिम धर्मपंडितास विचारला गेल्याची हकीकत अरबी ग्रंथांत आढळते. विचारणाऱ्यांना ते ग्रंथ 'सुमनिय्या' म्हणतात. हा शब्द म्हणजे 'समण' अथवा 'श्रमण' याचेच मध्य आशियातून फिरत अरबीत पोहोचलेले रूप होय. ज्यास प्रश्न विचारला तो जह्म बिन सफवान हा तिर्मिझचा. तो इ. स. ७४६ च्या सुमारास राजकीय बंडात मारला गेला. इमाम अहमद बिन हंबल (७८०-८५५) यांच्या नावावर असलेल्या एका खंडनग्रंथात ही हकीकत येते. समणांनी जह्मास विचारले, तुझ्या ईश्वरास तू पाहिलेस काय? त्याचा शब्द ऐकलास काय? गंध घेतलास काय? स्पर्श केलास काय? प्रत्येक वेळी जह्मला 'नाही' म्हणावे लागले. तर मग तो आहे हे तुला कळले कसे? जह्म गोंधळला, आणि ग्रंथकार म्हणतो की चाळीस दिवस त्यास आपण कोणाची उपासना करतो तेच कळेनासे झाले. पुढे त्यास उत्तर सुचले. त्याने समणांस उलट विचारले, तुमच्या देहात आत्मा आहे असे तुम्ही मानता ना? तो तुम्ही कधी पाहिला आहे काय? समण म्हणाले, आत्मा आहे, पण पाहिलेला नाही. मग जह्म म्हणाला, ईश्वरही तसाच.

ही हकीकत वाचताना पाली वाङ्मयाच्या कोणत्याही अभ्यासकाचे पाऊल येथेच अडखळेल. अनात्मवाद हाच ज्यांच्या धम्माचा कणा, ते भिक्खू आत्म्याचे अस्तित्व असे एका वाक्यात कबूल करून वादात हरतील, हे संभवत नाही. म्हणजे प्रश्न समणांचा असेल, परंतु त्यांचे उत्तर मात्र प्रतिपक्षाच्या लेखणीतून उतरलेले आहे. आमच्याकडील चार्वाकांचे जे झाले तेच येथे सुमनिय्यांचे झाले आहे. त्यांचे स्वतःचे अरबी पुस्तक आपल्या हाती नाही. विरोधकांनी उद्धृत केले तेवढेच त्यांचे म्हणणे उरले. पुढे आपण पाहू की, ज्या मुस्लिम बुद्धिवाद्यांविषयी हा लेख आहे त्यांच्याही वाट्यास दीर्घ काळ हेच आले.

हा विषय आम्ही या नियतकालिकासाठी का निवडला हे सांगणे आवश्यक आहे. 'इस्लाममध्ये बुद्धिवादाला जागाच नाही' हे वाक्य अलीकडे सुशिक्षितांच्या तोंडीही सर्रास ऐकू येते. आमच्या अभ्यासवर्गातही ते आम्ही ऐकले आहे. एखाद्या समाजात जन्म झाला म्हणून माणूस विचार करण्यास अपात्र ठरतो, हे विधान आपल्या कानांस नवीन नाही. ते आपल्या पूर्वजांविषयी दोन हजार वर्षे केले गेले, आणि त्यास शास्त्राचा आधारही दाखविला गेला. तेव्हा असे विधान दुसऱ्या कोणाविषयी केले जात असेल तर ते मान्य करण्यापूर्वी तपासून पाहणे हे निदान आपले तरी कर्तव्य आहे.

ज्या प्रदेशात हा वाद झाला त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. तिर्मिझ हे अमुदर्या नदीकाठचे शहर आज उझबेकिस्तानच्या दक्षिण टोकास येते. तेथील कारा-तेपे आणि फयाझ-तेपे या स्थळांच्या उत्खननांत बौद्ध विहारांचे अवशेष सापडले आहेत. नदीपलीकडे, आजच्या अफगाणिस्तानात, बाल्ख येथे 'नवविहार' होता. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने तो पाहिला आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. अरबी ग्रंथांत या विहाराचे नाव 'नौबहार' असे येते. त्याच्या प्रमुखाचे 'बरमक' हे पद संस्कृत 'प्रमुख' शब्दावरून आले असे बरेच अभ्यासक मानतात. याच घराण्यातील वंशज पुढे मुसलमान होऊन बगदादच्या अब्बासी खलिफांचे वजीर झाले. यह्या बरमकी याने भारतातील औषधी वनस्पती आणण्यासाठी व येथील धर्मांची माहिती लिहून घेण्यासाठी एक माणूस पाठविल्याची नोंद दहाव्या शतकातील इब्न अल्-नदीमच्या 'फिहरिस्त' या ग्रंथसूचीत आहे. इ. स. ८०३ मध्ये खलिफा हारून अल्-रशीद याने या घराण्याचा एकाएकी पाडाव केला. ते असो. आम्हांस सांगावयाचे आहे ते इतकेच की, इस्लाममधील तर्कशुद्ध वादविद्या जेथे आकारास आली, त्या परिसरात बौद्धांचे प्रश्न हवेतच होते.

जह्म-सुमनिय्या वादाची दुसरीही एक कथा आहे. ती मुअतझिला पंथीयांच्या परंपरेत सांगितली जाते. तीनुसार जह्म निरुत्तर झाल्यावर त्याने बसऱ्यास वासिल बिन अता (मृत्यू ७४८) यास पत्र लिहिले. हा वासिल म्हणजे मुअतझिला पंथाचा संस्थापक मानला जातो. त्याने कळविले की, पाच इंद्रियांखेरीज ज्ञानाचे आणखी एक द्वार आहे, ते म्हणजे 'दलील', अर्थात प्रमाणाधिष्ठित अनुमान. समणांस विचार, जिवंत आणि मृत, शहाणा आणि वेडा यांतील फरक तुम्ही ओळखता ना? तो कोणत्या इंद्रियाने? हे उत्तर पहिल्यापेक्षा कितीतरी सरस आहे. पण मन हे सहावे आयतन होय, हे तर बौद्ध सळायतन-विचारात प्रारंभापासूनच आहे. आणि दिङ्नाग-धर्मकीर्तींनी प्रत्यक्ष व अनुमान ही दोन प्रमाणे निःसंदिग्धपणे स्वीकारली आहेत. त्यांनी नाकारले ते शब्दास स्वतंत्र प्रमाण मानणे. म्हणून आमचा असा तर्क आहे की, वासिल आणि समण यांच्यात या बाबतीत भासते तेवढे अंतर नव्हते. दोघांचाही खरा प्रतिवादी तिसराच होता, 'पूर्वजांनी सांगितले म्हणून खरे' असे म्हणणारा.

या तिसऱ्यास अरबीत नेमका शब्द आहे, आणि गंमत अशी की तो मराठीतही आहे. मुस्लिम धर्मचर्चेत 'अक्ल' आणि 'नक्ल' अशी जोडी येते. अक्ल म्हणजे बुद्धी. नक्ल म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जसेच्या तसे पोहोचविलेले, परंपरेने आलेले वचन. फारसीच्या वाटेने हे दोन्ही शब्द आपल्याकडे आले आणि 'अक्कल' व 'नक्कल' झाले. कालाम सुत्तात ज्यास अनुस्सव आणि पिटकसंपदान म्हटले आहे, ते दोन्ही मिळून नक्ल होय. नक्कल करण्यापूर्वी अक्कल चालवावी, एवढे तर आपल्या घरातील म्हातारी माणसेही सांगतात.

मुअतझिलांचे म्हणणे काय होते? त्यांची पाच तत्त्वे प्रसिद्ध आहेत. त्यांतील 'अद्ल', म्हणजे न्याय, हे आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. (आपला 'अदालत' हा शब्द याच धातूचा.) ईश्वर न्यायी आहे, म्हणून तो अन्याय्य आज्ञा देऊ शकत नाही, आणि माणसाने स्वतंत्रपणे न केलेल्या कर्माबद्दल त्यास शिक्षाही करू शकत नाही. येथपर्यंत कोणताही भाविक म्हणेल. परंतु मुअतझिला एक पाऊल पुढे जातात. न्याय-अन्याय, चांगले-वाईट हे ईश्वराच्या हुकमाने ठरत नसून त्या कृतीच्या स्वरूपात असते, आणि माणसाच्या बुद्धीस ते धर्मग्रंथाच्या आधीही कळू शकते, असे ते म्हणतात. खोटे बोलणे वाईट आहे म्हणून ईश्वराने निषिद्ध केले. ईश्वराने निषिद्ध केले म्हणून ते वाईट झाले, असे नव्हे. याच्या अगदी उलट भूमिका पुढे अशअरी पंथाने घेतली. त्यांच्या मते चांगले म्हणजे ज्याची आज्ञा झाली ते, आणि वाईट म्हणजे ज्याची मनाई झाली ते.

भारतीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकास हा वाद लगेच ओळखता येईल. पूर्वमीमांसकांच्या मते धर्म म्हणजे वेदाच्या विधिवाक्याने सांगितलेले कर्म. ते का करावे हा प्रश्न बुद्धीच्या कक्षेत येतच नाही, आणि ज्या वेदाने ते सांगितले तो वेद अपौरुषेय व नित्य. मुअतझिलांचा दुसरा गाजलेला सिद्धान्त नेमका या दुसऱ्या अंगास भिडतो. कुरआन हा ईश्वराचा शब्द आहे, पण तो नित्य नाही. तो निर्माण केलेला आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. ईश्वराव्यतिरिक्त दुसरी नित्य वस्तू मानली तर एकेश्वरवादच बाधित होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. यातून निघणारा अर्थ आधुनिक वाचकास अधिक जाणवतो. जो शब्द निर्माण झाला तो कोणत्या तरी काळी, कोणत्या तरी भाषेत, कोणासाठी तरी निर्माण झाला. मग त्याचा अर्थ लावताना तो काळ आणि ती भाषा विचारात घ्यावी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' (१९३६) या प्रबंधात नियम आणि तत्त्व यांतील भेद सांगितला आहे. केवळ नियमांच्या जंत्रीस धर्म म्हणण्यास त्यांनी नकार दिला, कारण नियम विचार करण्याची जबाबदारीच काढून घेतो. मुअतझिलांचा 'अद्ल' या भेदाच्या पुष्कळ जवळ येतो, असे आम्हांस वाटते.

तथापि मुअतझिलांची बुद्धी ईश्वराच्या न्यायाशी बांधलेली होती, आणि तेथेच तिची मर्यादाही होती. अशअरी पंथाचा प्रवर्तक अबुल हसन अल्-अशअरी हा आरंभी स्वतः मुअतझिली, अल्-जुब्बाईचा शिष्य. त्याने गुरूस तीन भावांचे कोडे घातले अशी आख्यायिका आहे. एक भाऊ धार्मिक जीवन जगून मेला, दुसरा दुर्जन होऊन मेला, तिसरा बालपणीच वारला. थोरल्यास वरचे स्थान मिळाले. लहानगा म्हणाला, मला जगू दिले असते तर मीही पुण्य केले असते. ईश्वर म्हणेल, तू मोठेपणी पापी झाला असतास हे मला ठाऊक होते, म्हणून तुझ्या हितासाठीच तुला लवकर नेले. यावर दुर्जन भाऊ नरकातून ओरडेल, मग मलाही बालपणीच का नेले नाहीस? जुब्बाई निरुत्तर झाला म्हणतात. अशअरीने यावरून निष्कर्ष काढला की ईश्वरास बुद्धीच्या न्यायाने मोजू नये. तोच प्रश्न घेऊन महाबोधि जातकाचा कर्ता दुसरीकडे वळतो. सर्व काही ईश्वरच करीत असेल तर पापाचा धनीही तोच ठरेल, म्हणून तो ईश्वर-निर्माणवादच बाजूस ठेवतो. कोडे एक, वाटा दोन. मुअतझिला या दोहोंच्या मधोमध उभे होते आणि ती जागा अवघड होती.

परंतु मुअतझिलांचे सर्वांत मोठे नुकसान या कोड्याने केले नाही, ते राजसत्तेच्या मैत्रीने केले. खलिफा अल्-मामून विद्याप्रेमी होता. ग्रीक ग्रंथांच्या अरबी भाषांतरांस त्याने उदार आश्रय दिला. त्याच मामूनने ८३३ मध्ये फर्मान काढले की, काझी व हदीसपंडित यांना बोलावून कुरआन निर्मित आहे हे मत त्यांच्याकडून वदवून घ्यावे. या चौकशीस 'मिह्ना', म्हणजे कसोटी, म्हणतात. बहुतेकांनी मान तुकविली. अहमद बिन हंबल यांनी तुकविली नाही. मामून त्याच वर्षी मरण पावला, परंतु पुढचा खलिफा मुअतसिम याच्या कारकिर्दीत इमाम अहमद यांना तुरुंगात फटके मारण्यात आले. ८४७ मध्ये गादीवर आलेल्या मुतवक्किलने पुढे ही चौकशी बंद केली आणि राजाश्रयाचे पारडे फिरले.

मामूनचा हेतू शुद्ध तात्त्विक होता असे आम्हांस वाटत नाही. धर्माचा अर्थ कोणी सांगावयाचा, खलिफाने की लोकांत मान असलेल्या पंडितांनी, हा सत्तेचा झगडा त्यामागे होता. सर्वच मुअतझिलांनी या जुलुमास हात लावला असेही नाही. पण लोकांच्या स्मरणात राहिले ते हे की, बुद्धीचे नाव घेणाऱ्यांनी एका वृद्ध, निःस्पृह माणसाच्या पाठीवर चाबूक ओढला. परंपरावादास त्याचा सर्वांत मोठा वीरपुरुष बुद्धिवाद्यांनीच मिळवून दिला. 'बुद्धिवाद' हा शब्द उच्चारताना आम्हांस ही पाठ नेहमी आठवते.

धर्मशास्त्राच्या कक्षेबाहेर राहून विचार करणारे तत्त्ववेत्ते, ज्यांस 'फलासिफा' म्हणतात, त्यांची परंपरा अल्-किंदीपासून अल्-फाराबी व इब्न सीनापर्यंत येते. तिचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. एकाच माणसाजवळ थांबू या. अबू बक्र अल्-राझी (सुमारे ८६५-९२५) हा रय्य शहराचा वैद्य. देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग आहेत हे त्याने रुग्णांची लक्षणे टिपून स्पष्ट केले. वैद्यकातील परमगुरू गॅलन याच्यावर शंका घेणारा ग्रंथही त्याने लिहिला. हाच राझी म्हणत असे की, ईश्वराने बुद्धी सर्व माणसांस दिली आहे. मग काही थोड्यांस प्रेषित करून इतरांस त्यांच्या मागे चालावयास लावणे हे न्यायाचे होणार नाही. सामान्य माणसे मागे पडतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर ती दुसरीकडे वापरतात म्हणून, असे त्याचे मत होते. हे मत त्याच्या पुस्तकातून नव्हे, तर त्याचा प्रतिवादी अबू हातिम अल्-राझी याच्या खंडनग्रंथातून आपल्यास कळते. पुन्हा तीच गत! त्या ग्रंथात त्याचे नावही घेतलेले नाही. त्यास केवळ 'पाखंडी' म्हटले आहे.

यानंतर अल्-गझालीचे (१०५८-११११) नाव येतेच. ११११ मध्ये वारलेल्या या पंडिताने एक ग्रंथ लिहिला आणि इस्लामी जगातील बुद्धिवाद संपला, ही समजूत शालेय पुस्तकांपासून विद्वानांच्या भाषणांपर्यंत पसरलेली आहे. आम्हांस ती अपुरी वाटते. 'तहाफुत अल्-फलासिफा' या ग्रंथात गझालीने तत्त्ववेत्त्यांची वीस मते खंडनासाठी घेतली आणि त्यांतील तीन मते कुफ्र ठरविली. कापूस अग्नीच्या स्पर्शाने जळतो यात कार्यकारणाची अटळ गाठ नसून ईश्वराची इच्छा आहे, हे त्याचे प्रतिपादन प्रतीत्यसमुत्पाद मानणाऱ्यास पटण्यासारखे नाही. तीन मतांवर धर्मभ्रष्टतेचा शिक्का मारून त्याने वादात तलवार आणली, हाही त्याचा दोष. पण त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की, ग्रहणाचे गणित धर्माच्या नावाने नाकारणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो. तर्कशास्त्र तर त्याने धर्मशास्त्राच्या अभ्यासात मुद्दाम आणून बसविले. त्याच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी, १२५९ मध्ये, मराग़ा येथे नसीरुद्दीन तुसीची वेधशाळा उभी राहिली. पंधराव्या शतकात समरकंद येथे उलुग बेगने दुसरी उभारली. एका पुस्तकाने विचार मरत नाही. तो कोठे शिकविला जातो, कोणाच्या खर्चाने, आणि शिकणाऱ्यास पोट भरण्याचा कोणता मार्ग मिळतो, यावर त्याचे आयुष्य ठरते. गझाली ज्या बगदादच्या निझामिया मदरशात अध्यापक होता, तो १०६७ मध्ये वजीर निझामुल्मुल्कच्या देणगीवर सुरू झाला होता, आणि तेथे नियमाने शिकविला जाणारा विषय होता शाफिई धर्मकायदा. तत्त्वज्ञानास असे घर मिळाले नाही. ते बहुधा वैद्याच्या घरी किंवा राजाच्या मर्जीवर जगले.

राजाच्या मर्जीचा अनुभव इब्न रुश्द (११२६-११९८) याने घेतला. तो स्पेनमधील कुर्तुबा शहराचा. काझी, वैद्य आणि ॲरिस्टॉटलचा भाष्यकार. 'फस्ल अल्-मकाल' या छोट्या ग्रंथात त्याने एका काझीच्या थाटात प्रश्न मांडला: तत्त्वज्ञानाचा अभ्यास धर्मकायद्याने निषिद्ध आहे, ऐच्छिक आहे की आवश्यक? त्याचा निवाडा असा की, कुरआन सृष्टीचा विचार करण्यास सांगतो. विचार करण्याची उत्तम रीत तर्कशास्त्र शिकविते. म्हणून ज्यास क्षमता आहे त्याच्यावर हा अभ्यास बंधनकारक आहे, मग ती साधने परधर्मीयांनी का बनविलेली असेनात. सत्य सत्याच्या विरोधात जात नाही; सिद्ध झालेले ज्ञान आणि वचनाचा वाच्यार्थ यांत विरोध दिसला, तर वचनाचा लाक्षणिक अर्थ घ्यावा.

या निवाड्यातील 'ज्यास क्षमता आहे त्याच्यावर' हे शब्द मात्र आम्हांस खटकतात. इब्न रुश्दच्या मते सामान्य जनांस हा अन्वयार्थ सांगू नये, त्यांनी वाच्यार्थावरच राहावे. तथागतांनी महापरिनिब्बान सुत्तात आनंदास सांगितले आहे की, आपल्या धम्मात आचार्याची झाकली मूठ नाही. इब्न रुश्दची मूठ झाकलेली आहे, आणि त्याची किंमत त्याने स्वतःच मोजली. ११९५ मध्ये धर्मपंडितांस खूष ठेवण्याची खलिफास निकड भासली, तेव्हा या वृद्ध काझीस लुसेना या गावी हद्दपार करण्यात आले आणि तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम झाला. त्याच्या बाजूने उभा राहील असा लोकसमुदाय नव्हता, कारण त्याने तो घडविलाच नव्हता. अखेरीस त्यास परत बोलावण्यात आले. ११९८ च्या डिसेंबरात मराकेश येथे तो वारला.

तरीही या माणसाचे एक पान आमच्या भगिनींनी अवश्य वाचावे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'वरील भाष्यात तो सांगतो की, स्त्री आणि पुरुष यांची प्रकृती मूलतः एकच असून स्त्रियांतूनही तत्त्ववेत्ते व राज्यकर्ते होऊ शकतात. आपल्या राज्यांत त्यांची योग्यता दिसत नाही याचे कारण त्यांस केवळ अपत्ये, पती आणि घर यांसाठी राखले जाते, त्यामुळे त्यांचे जिणे वनस्पतीसारखे होते. आणि या शहरांच्या दारिद्र्याचे एक कारणही हेच आहे. स्त्रियांच्या दर्जाचा संबंध दारिद्र्याशी जोडणारे हे वाक्य बाराव्या शतकातील एका काझीचे आहे. हे भाष्य मूळ अरबीत आज उपलब्ध नाही. ज्यू विद्वानांनी केलेल्या हिब्रू भाषांतरामुळे ते वाचले. त्याच्या काही मोठ्या भाष्यांचेही असेच आहे, ती लॅटिनमध्ये टिकली. आपले कितीतरी संस्कृत बौद्ध ग्रंथ तिबेटी व चिनी भाषांत सापडावेत आणि जन्मभूमीत त्यांचे नावही उरू नये, हा अनुभव आपला आहे. म्हणून ही गोष्ट आपल्यास इतरांपेक्षा लवकर समजेल.

मुअतझिलांचे ग्रंथ परतले ते याहून चमत्कारिक रीतीने. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांची मते प्रामुख्याने विरोधकांच्या ग्रंथांतून ज्ञात होती. परंतु येमेनच्या डोंगराळ प्रदेशातील झैदी पंथीय शियांनी मुअतझिली धर्मशास्त्र स्वीकारलेले होते आणि त्यांच्या इमामांनी जुन्या पोथ्या जपल्या होत्या. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इजिप्तहून गेलेल्या अभ्यासकांच्या पथकाने त्यांची छायाचित्रे घेतली. त्यांत काझी अब्दुल जब्बार (मृत्यू १०२५) याच्या 'अल्-मुग्नी' या वीस भागांच्या महाग्रंथाचे बहुतेक भाग होते. १९६०च्या दशकात ते कैरोत छापले जाऊ लागले. नऊशे वर्षांनंतर मुअतझिला पुन्हा स्वतःच्या तोंडाने बोलू लागले.

त्यांचे नाव तत्पूर्वीही आधुनिक सुधारकांनी घेतले होते. इजिप्तमध्ये मुहम्मद अब्दुह (१८४९-१९०५) याने, भारतात सर सय्यद अहमद खान आणि 'स्पिरिट ऑफ इस्लाम'चे कर्ते अमीर अली यांनी बुद्धीस धर्मार्थाच्या निर्णयात स्थान मागितले. सर सय्यदांस त्याबद्दल 'नेचरी' ही उपाधी मिळाली. महाराष्ट्रात हमीद दलवाई (१९३२-१९७७) यांनी मात्र वेगळा मार्ग धरला. १९७० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे नाव जोतीराव फुल्यांच्या समाजावरून घेतलेले होते. वचनाचा नवा अर्थ लावीत बसण्यापेक्षा समान नागरी हक्कांची मागणी त्यांनी सरळ मांडली. या दोन मार्गांत कोणता श्रेयस्कर हे ठरविणे त्या समाजातील स्त्री-पुरुषांचे काम आहे. आमचे मत विचाराल तर दुसऱ्या मार्गावर चालणाऱ्यासही पहिल्याची पोथी माहीत असावी, म्हणजे 'हे सारे बाहेरून आणलेले आहे' या आरोपास घरातलेच उत्तर देता येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'पाकिस्तान'विषयक ग्रंथात भारतीय मुस्लिम समाजातील साचलेपणाची कठोर चिकित्सा केली, हे सर्वांस ठाऊक आहे. ती चिकित्सा उद्धृत करणारे त्यापुढील भाग सहसा वाचत नाहीत. तुर्कस्तानसारख्या देशांतील मुसलमान बदलू शकतात, तर मग येथील का बदलत नाहीत, असा प्रश्न बाबासाहेबांनी पुढे केला आहे, आणि त्याचे उत्तर त्यांनी धर्मग्रंथात न शोधता बहुसंख्य हिंदू समाजाच्या वेढ्यात असलेल्या त्यांच्या विशिष्ट परिस्थितीत शोधले आहे. निझामिया मदरसा आणि इब्न रुश्दची हद्दपारी यांविषयी आम्ही वर जे लिहिले, ते याच रीतीने पाहण्याचा प्रयत्न होय.

येमेनच्या त्या पोथ्यांचा एक वाचक नस्र हामिद अबू झैद (१९४३-२०१०) हा होता. कुरआनातील रूपकांविषयी मुअतझिलांनी केलेला विचार हा त्याच्या पहिल्या प्रबंधाचा विषय. तो १९८२ मध्ये ग्रंथरूपाने आला. पुढे कैरो विद्यापीठात अध्यापन करताना त्याने कुरआनाकडे भाषा आणि इतिहास यांच्या दृष्टीने पाहिले. १९९३ मध्ये त्याची प्राध्यापकपदाची बढती त्याच्या लेखनातील कथित पाखंडामुळे अडविण्यात आली, आणि काही त्रयस्थ वकिलांनी दावा लावला की, हा माणूस धर्मभ्रष्ट आहे, म्हणून मुस्लिम स्त्रीशी त्याचा विवाह टिकू शकत नाही. जून १९९५ मध्ये कैरोच्या अपील न्यायालयाने तो दावा मान्य केला. १९९६ मध्ये तेथील अंतिम अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला. पती-पत्नी दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागितलेला नव्हता. जिवाला धोका असल्याने दोघे देश सोडून हॉलंडमध्ये गेले. लायडन येथे त्याने अध्यापन केले, आणि २००२ पासून उत्रेख्त येथे तो ज्या अध्यासनावर होता त्यास इब्न रुश्दचे नाव होते. जुलै २०१० मध्ये कैरोतच त्याचे निधन झाले. त्याची पत्नी इब्तिहाल युनूस, स्वतः फ्रेंच साहित्याची प्राध्यापिका, या सर्व काळात त्याच्याबरोबर होती. न्यायालयाने मोडलेला तो विवाह दोघांनी अखेरपर्यंत पाळला.